मदत हवी आहे : आरोपी सापडला नाही, भरपाईचा अर्ज अडलाय

नमस्कार मंडळी. चाकूहल्ल्यात जखमी झालेल्या एका मजुरासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा आहे. आरोपी सापडला नाही, पोलिसांनी 'अ' समरी (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवली आहे. खटलाच नाही म्हणजे भरपाईही नाही, असं त्याला सांगितलं गेलं. हे साफ चूक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३५७अ) अशा वेळी थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू देतं आणि चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायला सांगतं.

एफआयआरची प्रत (ती मोफत मिळते), जखमेचं प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, आधार आणि बँक पासबुक जमवलंय. मोफत वकिलासाठी महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट नाही. या मजुराला मात्र उत्पन्नाचा दाखला लागेल, तोही काढलाय.

अडलंय ते इथे. मूळ बिलं हरवली आहेत. रुग्णालयाच्या शिक्क्याच्या दुय्यम प्रती चालतात का, की सोबत प्रतिज्ञापत्र जोडावं? दुसरं, तातडीच्या मोफत उपचारांसाठी पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं किंवा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं. ठाण्यात तोंडी मागितलं की टोलवाटोलवी होते. लेखी अर्ज देऊन पोच घेतल्यावर कुणाला ते मिळालं आहे का? मसुदा असेल तर कृपया द्या.

एक वकील भरपाईतला वाटा मागताहेत. बार कौन्सिलच्या नियमांत अशी टक्केवारी निषिद्ध आहे, त्यामुळे तो सल्ला कृपया नको.