पावती कोणाच्या नावानं फाडायची?

वाचनालयवाला: नमस्कार मंडळी, गावातल्या वाचनालयाच्या इमारतीसाठी वर्गणी गोळा करतोय, पावतीपुस्तक माझ्याकडंच आहे. सारखं एकच दिसतंय, पैसे बाई देते आणि नाव विचारलं की म्हणते "ह्यांच्याच नावानं फाडा की". परवा एका आज्जींनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पाचशेची नोट काढली, चार घड्या घातलेली, घड्यांत कणी अडकलेली, आणि नाव सांगितलं मुलाचं. तो पुण्याला, त्याला पत्तापण नाही. पुरुष मात्र आधी विचारतात अमक्यानं किती दिले आणि बोर्डावर नाव येणार का. उद्या दात्यांची पाटी लागली की त्यावर सगळे बाप्येच. बायका खरंच कमी देतात की आपणच त्यांना लिहीत नाही? मला हे फार लागलंय.

सुगरण_७१: दादा, लिहीत नाही हेच खरं. मयताच्या घरी पिठलंभाकरी कोण पोचवतं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू कोण देतं, त्याची पावती कुठंय? आणि स्वतःची कमाई नसली की शंभर रुपये द्यायचे तरी नवऱ्याला विचारा. बचत गटात माझ्या नावाचं पासबुक झालं त्यानंतर मी पहिल्यांदा शाळेला हजार दिले, माझ्या नावानं. पावती अजून देव्हाऱ्यात आहे.

जुनी_पानं: सुगरणताईंच्या पासबुकावरून आठवलं, होळकरांकडं खासगीचा, म्हणजे घरच्या पैशाचा हिशोब दौलतीपासून, म्हणजे राज्याच्या तिजोरीपासून वेगळा असायचा आणि तो घरातल्या बाईच्या ताब्यात. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, देवळं, अन्नछत्रं उभी केली ती त्या खासगीतून, म्हणून तर नाव त्यांचं राहिलं. ज्यांच्याकडं पैसा नव्हता त्यांनी मागून आणला. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, पुढं पार अमेरिकेपर्यंत गेल्या, इंग्रजी धड येत नसताना लोकांच्या घरी कामं केली. आणि १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख दिले ते आईचं नाव द्यायच्या अटीवर, तेच आजचं एसएनडीटी, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आईचं नाव सगळ्यांना माहीत, पार्वतीबाई कितीजणांना माहीत आहेत?

हिशोबनीस: थोडा वेगळा मुद्दा मांडतो, पुरुष कंजूष असं नाही. अँड्रिओनी आणि वेस्टरलुंड या अर्थतज्ज्ञांचा २००१ चा प्रयोग आहे, त्यात देणं स्वस्त पडत होतं, म्हणजे स्वतःचं थोडं जाऊन समोरच्याला जास्त मिळत होतं, तेव्हा पुरुषांनी जास्त दिलं, महाग पडलं तेव्हा बायकांनी, शिवाय बायकांचा कल सारखं वाटून घेण्याकडं जास्त होता. म्हणजे पद्धत वेगळी. आणि तुमच्या संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळायची मान्यता असेल तर नावाची काळजी घ्याच, सवलत ज्याच्या पैशातून देणगी गेली त्यालाच मिळते आणि रोख २००० च्या वर दिले तर मिळतच नाही. ताईंच्या खात्यातून आले तर पावती ताईंचीच.

वाचनालयवाला: सगळ्यांचे आभार. काल परत त्या आज्जींकडं गेलो, म्हटलं पावती बदलून देतो, तुमचं नाव सांगा. आधी नको नको म्हणाल्या, मग पदरानं हात पुसले आणि सांगितलं, पण सासरचं नाही, माहेरचं नाव. तेच लिहिलंय.