मूल हातावर पडलं : आधी हाडवैद्य की थेट कॅज्युअल्टी?

माळरान :
स्पष्टच लिहितो. मूल पडलं आणि कोपर टम्म सुजलं, तर हाडवैद्याचं नावही काढू नका, कॅज्युअल्टी गाठा. पाच ते सात वर्षांची मुलं हात टेकून पडली की बऱ्याचदा कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा तिथूनच खाली जातात. त्यावर कामट्या लावून कापड करकचून आवळलं, की सुजेला जागा उरत नाही, आत दाब वाढतो आणि रक्त पोचेनासं होतं. स्नायू काही तासच तग धरतात. मग बोटं आखडतात ती कायमची. फोल्कमान नावाच्या जर्मन सर्जनने घट्ट पट्ट्यांचा हा परिणाम १८८१ मध्येच लिहून ठेवलाय. आपण अजून 'त्याच्या हाताला गुण आहे' म्हणतोय!

बांधावरून :
शहरात बसून बोलणं सोपं आहे. आमच्याकडे रात्री तालुक्याला पोचलं तर एक्स-रेवाला सकाळी येणार. मग 'जिल्ह्याला न्या'. खासगीत आधी डिपॉझिट. हाडवैद्य हाकेच्या अंतरावर, घेतो काय तर नारळ आणि खुशीने द्याल ते. माझ्या पुतणीचा उतरलेला हात त्याने बसवला, पोरगी त्याच्या अंगणातच खेळायला लागली. हे काय खोटं?

माळरान :
डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं हे त्याचं पहिलं कर्तव्य.

बांधावरून :
जीव वाचवणं! हात मोडलेल्या पोराचा जीव धोक्यात नसतो, हे काउंटरवरच्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

रात्रपाळी :
कॅज्युअल्टीत काम करते म्हणून लिहिते. बांधावरून, तुमची पुतणी तेव्हा लहान असणार, एक ते चार वर्षांची. आणि पडली नसेल, कुणीतरी हात धरून तिला ओढलं किंवा उचललं असेल. त्या वयात तेवढ्यानेही कोपरातलं हाड बंधातून सरकतं. सूज नसते, पोर हात नुसता लोंबता ठेवतं. तसा हात आम्हीही बहुतेकदा एक्स-रे न काढता क्षणात बसवतो. हाडवैद्यांची बरीचशी कीर्ती या हातांवरच उभी आहे. पडून सुजलेला हात मात्र त्यांनी ओढायचा नसतो, आणि ते नेमका तोच ओढतात.

येताना हात आहे तसाच ठेवा, वाकलेला असेल तर वाकलेला. खाली पुठ्ठा, वर ओढणीची सैल झोळी. बांगड्या, कडं, दोरा आधी काढा, सुजल्यावर निघत नाहीत. चोळू नका, शेकू नका. बोटं गार किंवा निळसर पडली, किंवा ती सरळ करताना पोर किंचाळलं, तर एक मिनिटही थांबायचं नाही. आणि रडतंय म्हणून दूध-बिस्किटं भरवू नका हो! भूल द्यायची तर खाल्ल्यावर साधारण सहा तास जावे लागतात. आजी वाटेत प्रेमाने बिस्किटं चारते आणि ऑपरेशन लांबतं.

खडूस काका :
सगळं पटलं. पण तुमच्याकडे आलं की 'कसा पडला?' हे चारदा विचारतात, जणू बापानेच ढकलला.

रात्रपाळी :
विचारणारच. आई, बाबा आणि आजी तिघं तीन गोष्टी सांगतात तेव्हा आम्हाला ते बघावं लागतं. राग आला तरी चालेल.

खडूस काका :
आला आहेच.

माळरान :
काका, विषय हाडवैद्याचा आहे. आणि १०८ ला फोन केला तर पैसे पडत नाहीत, हे बांधावरून यांनी सोयीस्कर वगळलंय.

बांधावरून :
काही वगळलेलं नाही. १०८ सुद्धा तालुक्यालाच सोडते, आणि एक्स-रेवाला तिथेही सकाळीच येतो. रात्री माणूस ठेवा, हाडवैद्याच्या दारची गर्दी आपोआप ओसरेल. तोवर त्याच्याकडे जाणाऱ्या आईबापांना मी अडाणी म्हणणार नाही. झोळी आणि बिस्किटांचं तेवढं गावच्या ग्रुपवर टाकतो.