मदत हवी आहे: बेंजामिन हॅरिसन, गव्हर्नर झाल्यावर परत आमदार?

घाईत_आई: लेकीचा प्रोजेक्ट उद्या सकाळी द्यायचाय. बेंजामिन हॅरिसन यांची राजकीय कारकीर्द. गव्हर्नर झाल्यावर ते परत आमदार कसे झाले? तारखांचा घोळ वाटतोय. लवकर सांगा, 'गुगल करा' म्हणू नका.

तिखटमीठ: ते गव्हर्नर नव्हतेच. अमेरिकेचे २३वे राष्ट्राध्यक्ष, १८८९ ते १८९३. इंडियानाचे.

घाईत_आई: अहो ते नाहीत! अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केलेले, व्हर्जिनियाचे. आम्ही रिचमंडलाच राहतो.

उंबरठा: मग तसं आधी लिहायचं ना. हे घराण्यातले पाचवे बेंजामिन. तिखटमीठ म्हणतात ते यांचे पणतू.
तारखा बरोबर आहेत. १७८१ ते १७८४ गव्हर्नर. व्हर्जिनियाच्या १७७६च्या घटनेप्रमाणे विधिमंडळच दरवर्षी गव्हर्नर निवडायचं. सलग तीन वर्षं झाली की पुढची चार वर्षं उभं राहता यायचं नाही. गव्हर्नरला कायद्यांवर नकाराधिकारही नव्हता. खरी सत्ता सभागृहात, आणि तिथे हे १७७८ पासून स्पीकर होतेच. परत जाण्यात कमीपणा कसला?

पानसुपारी: म्हणजे आपले राज्यपालच की.

उंबरठा: नाही. राज्यपाल दिल्लीहून येतात, यांना आमदार निवडायचे.

पानसुपारी: आपल्याकडे मुख्यमंत्र्याचे उपमुख्यमंत्री होतात, तेव्हा कोणी धागा काढत नाही.

जुनाजोगी: नुसती पदं लिहू नका. त्यांचा बर्कली इथला तंबाखूचा मळा गुलामांच्या राबण्यावर चालायचा, तेही लिहा.

तिखटमीठ: राजकीय कारकीर्द विचारलीय, शेती नाही.

जुनाजोगी: जमीन नसेल त्याला तेव्हा मतसुद्धा नव्हतं. मळ्याशिवाय आमदारकी आली असती कुठून?

फिरस्ती: बर्कलीला जाऊनच या! जेम्स नदीच्या काठावर, तुमच्यापासून तासाभरात. बिगुलावरची 'टॅप्स' ही धून १८६२ साली तिथेच जन्मली. सोबत डबा न्या.

घाईत_आई: उद्या सकाळी द्यायचाय हो!!

उंबरठा: एक गंमत टाका. गव्हर्नरपद संपल्यावर घरच्याच चार्ल्स सिटी काउंटीत जॉन टायलरनी यांना पाडलं. हे नदीपलीकडच्या सरी काउंटीतून निवडून आले आणि १७८५ मध्ये पुन्हा स्पीकर झाले. १८४० साली याच दोघांचे मुलगे एकत्र लढले, एक अध्यक्षपदाला, दुसरा उपाध्यक्षपदाला. दोघंही जिंकले.

घाईत_आई: धन्यवाद, आता जुळलं. फक्त लेकीने पोस्टरवर दाढीवाले हॅरिसन चिकटवलेत. चालतील ना?

तिखटमीठ: ते माझे. १८८९वाले.