अल्टरमॅग्नेटचे जोड: मेमरीची स्वप्नं जरा आवरा

काटकोन (धागाकर्ता):
एकूण चुंबकत्व शून्य, तरी वर-स्पिन आणि खाली-स्पिनच्या (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकत्वाच्या दोन दिशा) ऊर्जापट्ट्या वेगळ्या, तो अल्टरमॅग्नेट. २०२२ पासून नाव गाजतंय आणि पेपरच्या शेवटी 'भावी मेमरी' ठरलेली. माझ्या मते जोडाशीच, म्हणजे दोन पदार्थ भेटतात तिथेच, घोडं पेंड खातं.

साधा धातू आणि डी-वेव्ह अल्टरमॅग्नेट (ज्याच्या स्पिनभेदाच्या नकाशाला चार पाकळ्या) जोडा. दोन स्पिनचे फर्मी पृष्ठभाग (प्रवाह वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या संवेगांचे नकाशे) लांबट, एकमेकांशी काटकोनात. ज्याची लांबी जोडाच्या सीमेला समांतर, त्या स्पिनला पलीकडे जायला वाटा जास्त. स्फटिक ४५ अंश फिरवा, दोघांच्या वाटा सारख्या, सरळ जाणारा स्पिनप्रवाह शून्य! मग ज्या फिल्ममधले (पातळ थरातले) स्फटिककण वाटेल तसे वळलेत तिथे काय उरणार?

फिरकीबाज:
अर्धंच सांगितलंत. त्याच ४५ अंशांवर वर-स्पिन सीमेलगत एकीकडे सरकतो, खाली-स्पिन दुसरीकडे. आडवा स्पिनप्रवाह, तोही स्पिन-ऑर्बिट कपलिंगशिवाय (इलेक्ट्रॉनची गती आणि स्पिन यांच्या जोडणीशिवाय). तुम्ही जिला खोड म्हणता ती मला कळ (स्विच) वाटते.

नीलकंठी:
@फिरकीबाज, कळ फिरवणार कोण? चिपमधला स्फटिक फिरत नाही. उलटवायचा तो नील सदिश, म्हणजे आतल्या आलटूनपालटून उलट्या अणुचुंबकांची दिशा दाखवणारा बाण. तो उलटला की दोन्ही स्पिनची अदलाबदल होते. पण बाहेर क्षेत्र सांडत नाही म्हणून ज्याचं कौतुक, तो अल्टरमॅग्नेट बाहेरच्या क्षेत्रालाही सहज दाद देत नाही.

रुटाइल:
आणि रुथेनियम ऑक्साइड? सगळ्यांचं लाडकं उदाहरण. २०२४ मध्ये म्युऑन आणि न्यूट्रॉन हे चुंबकत्व टिपणारे सूक्ष्म कण वापरून तपासलं, तर स्फटिकात चुंबकत्वच सापडेना. त्याच्या जोडांवर किती गणितं झाली होती! (त्यातली काही मीही गिरवली, हसू नका.)

फिरकीबाज:
एक पदार्थ बाद झाला म्हणून सममिती खोटी ठरत नाही. त्याच वर्षी मँगनीज टेल्युराइडमध्ये पट्ट्या फाटलेल्या प्रत्यक्ष दिसल्या.

काटकोन:
दिसल्या, मान्य. पण तो जी-वेव्ह. तिथे पाकळ्या इतक्या की साधा स्पिनप्रवाह सममितीतच कटतो. जोडाला त्याचा काय उपयोग?

नीलकंठी:
तुलनाच करायची तर आकडे घ्या. लोह आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जोडांनी २००४ मध्येच खोलीच्या तापमानाला २०० टक्क्यांच्या आसपास टीएमआर (चुंबकांच्या दिशा बदलल्यावर जोडाच्या रोधात पडणारा फरक) दिला. मँगनीज-प्लॅटिनमच्या प्रतिलोहचुंबकी (आतले चुंबक एकमेकांना रद्द करणाऱ्या) जोडाने २०२३ मध्ये सुमारे १०० टक्के गाठला, आणि तो अल्टरमॅग्नेट नव्हेच. फिरकीबाज, तुमच्या बाजूचा मोजलेला आकडा टाका. गणितातला नको.