फोन असताना खिशात वेगळा कॅमेरा: हौस की ढोंग?

तिरपाउजेड:
परवा 'नवा फोन सुचवा' धाग्यावर खडूस यांनी जाता जाता पिंक टाकली: "खिशात फोन असताना रोज वेगळा कॅमेरा घेऊन हिंडणारे फोटोग्राफर नसतात, त्यांना फक्त तसं दिसायचं असतं." तिथेच उत्तर दिलं असतं तर त्या बिचाऱ्याचा फोन राहिला असता बाजूला, म्हणून इथे सविस्तर.

पाच वर्षं माझ्या खिशात रिकोचा जीआर थ्री हा छोटा कॅमेरा आहे. बॅटरी-कार्डासकट 257 ग्रॅम. आणि 'दिसायचं' म्हणाल तर तो कुणाला दिसतच नाही, लोकांना काळी साबणदाणी वाटते. फोन बाहेर काढला की आधी तीन मेसेज दिसतात, एकाला उत्तर देऊन मान वर करेपर्यंत समोरचं संपलेलं असतं. कॅमेऱ्यात स्नॅप फोकस (अंतर आधीच ठरवून ठेवायची सोय) 2 मीटरवर लावून ठेवलाय, लेन्सचं छिद्र बारीक, एफ/8. लेन्स जेमतेम 18 मिमीची, त्यामुळे साधारण एक मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतपत शार्प येतं. बटण दाबलं की फोटो, फोकसची वाट बघणं नाही.

आईचा एक फोटो आहे. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलेलं, एक डोळा मिटलेला, सुई खिडकीच्या उजेडाकडे धरलेली. दोन सेकंदांचा खेळ. फोन उचलला असता तर "थांब, केस नीट करते" म्हणाली असती. बोला आता.

खडूस:
माझं एक वाक्य, तुमचा निबंध. म्हणजे बाण लागला!

साहेब, 2024 मध्ये फुजीफिल्मचा एक्स100 सिक्स कॅमेरा आला तेव्हा महिनोन्महिने वेटिंग होतं. ते सगळे काय आईच्या सुईदोऱ्यासाठी रांगेत होते? निम्मे जण गळ्यात अडकवून आरशासमोर उभे राहिले. शिवाय फोन एका दाबात अनेक फ्रेम घेऊन जोडतो, उजेडाविरुद्धसुद्धा आकाश टिकतं. तुमच्या साबणदाणीत पांढरंफट्ट. बॅटरी दोनशे फोटोंत झोपते आणि सेन्सरवर धूळ बसते ती वेगळीच. तुमच्या सेन्सरवर बसली का नाही, खरं सांगा.

तिरपाउजेड:
बसली. दोनदा. पण आकाश टिकतं म्हणजे काय होतं ते बघा एकदा, संध्याकाळ दुपारसारखी दिसते. सावली काळी असते हो, तिला काळंच राहू द्या.

जुनारोल:
तुम्ही दोघंही काल जन्मलात. माझा रोलवाला कॅमेरा ऑलिंपस एक्सए, 1979, ऑलिंपसच्या मैतानींचं डिझाइन. झाकण सरकवलं की तयार. एका रोलमध्ये छत्तीस फोटो आणि त्यांचे प्रिंट आजही कपाटात आहेत. तुमच्या पाच वर्षांतले किती फोटो कागदावर आले? माझ्या पुतण्याची हार्ड डिस्क गेली आणि मुलीची पहिली तीन वर्षं गेली. कॅमेरा की फोन हा वादच फिजूल आहे.

पाऊलखुणा:
मला दुसरंच विचारायचंय. कॅमेरा कुणाला दिसत नाही हे तुम्ही कौतुकाने लिहिलंय.

दहा वर्षांपूर्वी मी एका स्टेशनवर बाकावर बसले होते. पुढे वर्षभराने मैत्रिणीबरोबर एका प्रदर्शनात गेले, तर भिंतीवर मी. पिशवीचा बंद दातात धरलेला, डोळे सुजलेले. खाली शीर्षक 'प्रतीक्षा'. मी कुणाचीही वाट बघत नव्हते. बाबा गेल्याचा फोन नुकताच ठेवला होता. कुणी फोटो काढला, कधी काढला, पत्ताच नाही. लहान कॅमेरा, आवाज नाही. झालं.

सहजच:
वाईट वाटलं, पण असा विचार केला तर रस्त्यावरची फोटोग्राफीच बंद करावी लागेल. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने 1932 मध्ये पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस टिपला. त्याला थांबवून परवानगी मागितली असती तर तो डबक्यात पडला असता.

पाऊलखुणा:
त्या माणसाचा चेहरा दिसतो का? नुसती काळी आकृती दिसते. माझ्या नाकातलं पाणीसुद्धा दिसत होतं, अडीच फुटी प्रिंटवर.

सहजच:
सार्वजनिक जागेत बसलात तर लोक बघणारच. एवढंच असेल तर घरी जाऊन रडायचं.

जुनारोल:
सहजच, शब्द मागे घ्या. प्रिंटचा मुद्दा मी नंतर आणतो.

खडूस:
मी इथे भांडायलाच येतो, पण हे फार झालं. ताई, मनावर घेऊ नका. आणि तिरपाउजेड, बघा, म्हणून फोन बरा. फोन वर केला की समोरच्याला निदान कळतं तरी. जपानात विकायच्या फोनचा शटरचा आवाज बंद करता येणार नाही अशी सोय कंपन्यांनी उगाच नाही केली.

तिरपाउजेड:
कळतं? फोन कानाला लावल्याचं नाटक करून गाडीत समोरच्यांचे फोटो काढणारे मी याच डोळ्यांनी पाहिलेत. चोर कुठल्याही हत्याराने चोरच. धागा कुठल्या कुठे गेला राव!

चष्मिष्ट:
गेला तो बरोबरच गेला. जर्मनीचा माजी चॅन्सेलर बिस्मार्क 1898 मध्ये वारला तेव्हा दोन फोटोग्राफर रात्री खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो काढून आले. ते प्रकरण कोर्टात गेलं, आणि त्यातूनच जर्मनीत 1907 चा कायदा आला: काही अपवाद सोडले तर माणसाच्या संमतीशिवाय त्याचं चित्र प्रसिद्ध करायचं नाही. म्हणजे मुख्य अडचण फोटो काढण्यापेक्षा तो भिंतीवर लावण्यात आहे. सहजच, तुम्ही कितीही काढा, लावताना विचारा.

सहजच:
'घरी रडा' मागे घेतो. बाकीचं नाही. आणि सगळ्यांना विचारत बसायचं तर पासपोर्ट फोटोच काढलेले बरे.

पाऊलखुणा:
उपकार झाले. तिरपाउजेड, तुमच्या आईंना विचारलं होतंत?

तिरपाउजेड:
आई आहे ती, तिला काय विचारायचं?

खडूस:
हा हा हा. आज पहिल्यांदाच पाऊलखुणा यांना +१.

तिरपाउजेड:
(दुसऱ्या दिवशी) काल रात्री दाखवला. पाच वर्षं माझ्या डेस्कटॉपवर आहे, पण तिने पाहिलाच नव्हता. चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "दोरा ओवायला दोन डोळे पुरत नाहीत आता, ते असं चारचौघांत कशाला? केस बघ कसे झालेत. काढून टाक तो."

खडूस यांनी खुशाल हसून घ्यावं. पाऊलखुणा, तुमचं बरोबर होतं. जुनारोल, प्रिंट कुठून काढता ते व्यनि (खाजगी निरोप) करा. एकच काढणार आहे, तिला देणार आहे, मग तिने फाडला तरी तिची मर्जी.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र माझं मत तेच. फाइल अजून उडवलेली नाही.