जुनी क्रूझर, नवं हँडल: तुमच्या हातांना कोणतं मानवलं?

सेकंडहँड क्रूझर बाइक घेताना इंजिन, टायर, चेन सगळं पारखून घेतो आपण, पण हँडल आधीच्या मालकाच्या अंगाला जमेल असंच आलेलं असतं. माझ्या गाडीवर सरळ, आडवा ड्रॅग बार होता. दिसायला देखणाच. पण क्रूझरवर पाय आधीच पुढे असतात, त्यात हातही पुढे ओढले गेले की पाठीला बाक येतो आणि सगळा भार माकडहाडावर. वर समोरचा वारा छातीवर आला की अंग धरून ठेवायलाही हातच. तासाभरात कंबर भरून यायची.

आता आहे तो बार उंचीला पहिल्यापेक्षा थोडासाच जास्त आहे, मागे मात्र चांगला येतो. आपण उंचीवरच अडकतो असं मला मनापासून वाटतं. बार मागे किती येतो आणि त्याची टोकं कोणत्या कोनात वळतात, आराम तिथे आहे. मूठ आवळली की मनगट कोपरापासून एका रेषेत राहायला हवं, आत किंवा बाहेर मोडता कामा नये.

मी माप असं घेतलं. गाडी सरळ उभी धरायला सांगितली, पाय फूटपेगवर ठेवले, डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि ग्रिप धरल्यासारखे हात पुढे केले. भावाने टेपने तीन मापं घेतली: दोन मुठींमधलं अंतर, रायझरच्या (बार ज्यांवर बसतो त्या आधारांच्या) क्लॅम्पपासून मुठीची उंची आणि क्लॅम्पपासून मूठ किती मागे आली ते. बार विकणारे रुंदी, राइझ आणि पुलबॅक हीच तीन मापं देतात. ती जुळवली की फोटो बघून अंदाज बांधत बसावं लागत नाही.

तुम्ही काय बसवलंत, काय काढून टाकलंत, कुठे दुखायचं आणि ते थांबलं का? सविस्तर लिहा. स्वतःची उंचीही लिहिलीत तर वाचणाऱ्याला ताडून पाहता येईल.

* * *

माझी उंची पाच फूट एक इंच. माझ्या गाडीवर रुंद, टोकं मागे वळलेला बीच बार होता, सरळ रस्त्यावर अगदी सुखाचा. अडचण यायची ती यू-टर्नला. हँडल पूर्ण वळवलं की बाहेरच्या बाजूची ग्रिप इतकी लांब जायची की खांदा पुढे काढून बोटांच्या टोकांनी धरावी लागायची, आणि तो हात ॲक्सिलरेटरचा असला की भीतीच. अरुंद बार आणि मागे झुकलेले रायझर घातल्यावर हा प्रश्न सुटला. बुटक्या रायडर्सनी बार दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितल्याशिवाय पसंत करू नये. पुलबॅक फार झाला तर उलटंही होतं: वळताना ग्रिप गुडघ्याला किंवा टाकीला लागते.

* * *

सहा फूट. मिनी एप, म्हणजे उंच एप हँगर बारचा बुटका प्रकार बसवलाय, मुठी खांद्यांच्या जराशा खालीच राहतात. एका ओळखीच्या माणसाच्या गाडीचा उंच एप हँगर चालवून पाहिला होता. हात खांद्याच्या वर गेले की दंड भरून येतात आणि बोटं गार पडल्यासारखी होतात. शिवाय काही देशांत आणि राज्यांत हँडलच्या उंचीला कायद्याची मर्यादा आहे, तेव्हा आपल्याकडचा नियम आधी बघा.

* * *

बोटांना मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटांना येतात ते नीट पाहा. माझ्या करंगळीला आणि अनामिकेला यायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर सतत दाब पडतोय, तिथली नस दबतेय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मधल्या नसेकडे बघावं लागतं. माझ्या बारची टोकं खाली आणि बाहेर उतरत होती, त्यामुळे सगळा भार त्या कडेवर. टोकं जास्त सपाट असलेला बार घातला, सोबत बारच्या टोकांना वजनं लावली. थरथर कमी झाली, मुंग्या गेल्या.

* * *

बार मागवण्याआधी एक करून पाहा. आहे त्याच बारचे क्लॅम्प सैल करून तो किंचित मागे फिरवा, मग क्लच आणि ब्रेकचे लिव्हर बोटांच्या रेषेत आणा. माझं तेवढ्यावरच भागलं, नवा बार घेतलाच नाही.

* * *

गॅरेजमध्ये हेच काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी जाडी. क्रूझरला साधारण २२ मिलिमीटर किंवा २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंची बार असतो. स्विच, लिव्हर, ग्रिप त्याच मापाचे असतात, म्हणून कॅलिपर लावूनच ऑर्डर द्या. जुनी गाडी असेल तर आधीच्या मालकाने काय बदललंय ते कंपनीच्या पुस्तकात सापडणार नाही. स्विचच्या डब्यात आतून एक छोटी खुंटी असते, तिच्यासाठी नव्या बारला भोक आहे का तेही बघा.

बार उंच किंवा मागे गेला की क्लच केबल, ॲक्सिलरेटर केबल, ब्रेकचा पाइप, वायरिंग, सगळंच ताणलं जातं. इंजिन सुरू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. आयडलिंगचा आवाज जरा जरी चढला तरी केबल ताणली जातेय, ती गाडी रस्त्यावर काढायची नाही. ब्रेकचा पाइप बदलला तर ब्लीडिंग, म्हणजे त्यातली हवा काढणं, आलंच. डॉट ४ ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग खातं, म्हणून टाकीवर जाड फडकं टाका. ऑइलच्या डबीचं झाकण हँडल सरळ असताना जवळपास समपातळीत हवं, फार तिरपी डबी हवा ओढू शकते.

आणि जुना बार उतरवलात की क्लॅम्पजवळच्या दातेरी भागाशी तडा आहे का, ते उजेडात धरून बघा. गाडी कधी आपटली असेल तर बार वाकलेलाही असू शकतो. मग तुमचं मनगट दुखतंय ते मापामुळे नाही, एक बाजू खाली गेल्यामुळे. अशा वेळी रायझरचे बोल्ट, रबरी बुश आणि स्टिअरिंगचं बेअरिंगही तपासा. नवा बार बसवताना बोल्ट टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. बऱ्याच गाड्यांत पुढचे बोल्ट आधी आवळून क्लॅम्पची फट फक्त मागे ठेवायची असते, पण तुमच्या मॉडेलचा क्रम पुस्तकातच बघा.