शब्दचर्चा: 'विंटेज क्लास'ला मराठीत काय म्हणायचं?

सड्यावरचा: भाचा ऑस्ट्रेलियात असतो, तिथे दर रविवारी रिमफायर बेंचरेस्टला जातो, म्हणजे .२२ इंची रायफल टेबलावर टेकवून ५० मीटरवर नेम धरायचा खेळ. परवा त्याने विंचेस्टर ५२ या जुन्या रायफलीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, आता विंटेज क्लासमध्ये उतरतोय". मी आमच्या आईला सांगितलं की जुन्या बंदुकांच्या वर्गात खेळतोय, तर ती म्हणते जुनी कशाला घेतली, नव्याला पैसे नव्हते काय त्याच्याकडे? आणि वर्ग म्हणजे तिला शाळाच वाटली. तेव्हा या दोन्ही शब्दांना नीट मराठी काय ते सांगा.

खाडीपल्याड: क्लासचं सोपं आहे, 'गट' म्हणा. 'वर्ग' म्हटलं की शाळा आठवते आणि 'दर्जा' तर अजिबातच नको, त्यात वरचा-खालचा येतो. कुस्तीत वजनगट असतात ना, तसंच हे, फक्त तिथे पैलवानाला काट्यावर उभं करतात आणि इथे बंदुकीला. आयआर ५०/५० नावाच्या अमेरिकन स्पर्धेत ७.५ पौंडाचा 'स्पोर्टर' नावाचा, मग १०.५ आणि १३.५ पौंडाचा असे गट आहेत, म्हणजे साधारण ३.४, ४.८ आणि ६.१ किलो, आणि स्पोर्टरला दुर्बीणसुद्धा ६.५ पटीच्या वर चालत नाही. बैलगाडा शर्यतीत दात बघून आदत, दुसा, चौसा ठरवतात तसं समजा, कोणी आदत बैलाला हलका म्हणत नाही, तो त्याच्या गटात पळतो इतकंच.

माडाखाली: माका वाटता 'जुनी' म्हटला काय लोक भंगारच समजतले. आमच्या आज्याची ठासणीची बंदूक पण जुनीच आसा, ती घेवन कोण ५० मीटरवर नेम धरुचो नाय 😄

सड्यावरचा: हो ना दादा, तीच तर अडचण. विंचेस्टर ५२ म्हणजे १९२० ते १९८० कारखान्यात बनत होती आणि निशाण्यासाठीच बनवलेली, जाड नळी, जड दस्ता. रेमिंग्टन ३७ (१९३७ची), ४०एक्स (१९५५ची), आन्शुट्झच्या जुन्या मॅच रायफली, बीएसएची मार्टिनी जिचा लिव्हर खाली ओढला की मागचा ठोकळाच खाली उतरतो, ही सगळी याच कुळातली. भाचा म्हणतो चांगलं काडतूस सापडलं तर ही म्हातारी अजून नव्यांना घाम फोडते.

काजूबी: 'विंटेज'चं मूळ बघितलंत तर मजा आहे. मूळ अर्थ द्राक्षांची तोडणी, मग त्या सालची दारू, मग 'अमक्या सालचा चांगला माल', आणि शेवटी जुनी पण कसदार वस्तू. म्हणजे कालचा हापूस आणि आजचा हापूस वेगळा, 'यंदाचा बहार' म्हणतो ना आपण, तोच हिशोब. मी तर 'बहारी रायफल' म्हणेन.

खाडीपल्याड: ताई, शब्द गोड आहे पण लोक आंब्याची पेटी समजून फोन करतील. शिवाय त्या गटात नुसतं वय बघत नाहीत. नियम संस्थेगणिक बदलतात पण गाभा हाच की बांधणी मूळची हवी, १९५०च्या सांगाड्यावर आजची नळी नि आजचा दस्ता बसवून आणलात तर गट ठेवण्यात अर्थ काय राहिला? म्हणून 'जुनी' नाही आणि 'बहारी'ही नाही, 'जुन्या बांधणीची'. लाकडी होडीला आपण म्हणतो तसं, फळ्या त्याच, घडण तीच.

माडाखाली: बांधणी बरा आसा. आणि बेंचरेस्टाक? बाकडा-टेकण? 😂

खाडीपल्याड: 'टेकू नेमबाजी' म्हणा. पुढे स्टँड, मागे वाळूची पिशवी, नेमबाज टेबलापाशी बसलेला, बंदुकीचा भार हाताने पेलायचाच नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ते ५० मीटरचंच आणि .२२चंच, पण ते गुडघ्यावर, झोपून, उभ्याने असं तिन्ही परींनी, बिनदुर्बिणीचं. इथे शरीराचा कस कमी, बंदुकीचा, काडतुसाचा आणि वाऱ्याचा जास्त. एक लांबचा मुद्दा, एनसीसीत हिंदीतून 'शिस्त लेना' म्हणजे नेम धरणे, तो फारसी शस्तवरून आलेला. टेकू नेमबाजीत नुसती शिस्तच उरते असं म्हणायला मला आवडेल, पण वाचणारा छडी समजेल.

काजूबी: वाऱ्याचं खरं आहे. .२२ची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, स्पर्धेतली तर आवाजाच्या वेगाखालीच ठेवतात, म्हणून रेंजवर छोटे झेंडे लावून वारा वाचत बसतात. आपल्याकडची पोरं सकाळचा मतलई आणि दुपारचा खारा वारा अंगावर ओळखतात, तिकडे पाठवा दोन-चार. काडतूस मात्र घरी भरता येत नाही, ठिणगी पाडणारा बार बुडाच्या कडेच्या ओठात, म्हणजे रिममध्ये असतो ना, म्हणून तर रिमफायर. त्यामुळे कारखान्याच्या कुठल्या लॉटचं (खेपेचं) मिळालं त्यावर बरंच अवलंबून. (रिमला मी 'काठ' म्हणेन, पण 'काठबार' कोणी बोलेल का?)

सड्यावरचा: काठबार नको, रिमफायरच राहू दे, तिकडच्या पोरांना तोच कळतो. बाकी ठरलं, 'जुन्या बांधणीच्या रायफलींचा गट'. आत्ताच आईला सांगितलं. म्हणाली, मग सरळ असं सांगायचं ना, आणि पावसात गंज चढतो का विचार त्याला, चढत असेल तर खोबरेल तेल लाव म्हणावं.